बदकांचे मेंदू आणि आमच्या मॅडम

विषय ठरवायच्या दिवशी मॅडमनी माझे मार्क विचारले नाहीत. "हात पुढे कर," एवढंच म्हणाल्या.

मी दोन्ही हात पुढे केले. टेबलावर कव्हरस्लिपा होत्या. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर झाकायची कागदाहून पातळ काच ती. त्यातली एक उचलून बोटांच्या टोकांत धरायची आणि तसंच उभं राहायचं, असं त्यांनी सांगितलं, आणि स्वतः पेपर तपासत बसल्या. बाहेर आवारात कुणीतरी बैल आणला होता. त्याला इंजेक्शन नको होतं. त्याचं हंबरणं, माणसांचा आरडाओरडा, दोरी ताणल्याचा आवाज, सगळं खिडकीतून आत येत होतं. मी काच धरून उभी. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हलली नाही," त्या म्हणाल्या. "पक्ष्याचा मेंदू करशील?"

मला खरं तर गाय हवी होती. निदान शेळी. पशुवैद्यकीचा पदवी अभ्यासक्रम संपवून मी शरीररचनाशास्त्रात पुढे शिकायला आले होते ती मोठ्या जनावरांच्या ओढीने. पण मॅडमना नाही म्हणायची पद्धत आमच्या कॉलेजात नव्हती. तंजावूरच्या बाहेर बसने जायच्या वाटेवरचं ते कॉलेज. तिथल्या शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये मॅडमचं नाव निघालं की पोरं आपोआप हळू बोलायची. घाबरून असेल, पण नुसतं घाबरून नव्हे. कोंबडीची मानेतली एवढीशी नस त्या धाग्यासारखी सुटी करून दाखवायच्या, ते बघायला दुसऱ्या वर्गातली मुलं दाराशी उभी राहायची.

विषय असा ठरला: पाळीव बदकांत नराचा आणि मादीचा मेंदू रचनेने वेगळा असतो का? लांबी, रुंदी, वजन, भागांची आपापसातली प्रमाणं, सगळं मोजून बघायचं.

आमचं घर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, माडीवर, भाड्याचं. आसपास अजून मराठी बोलणारी बरीच घरं आहेत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि कागदावर इंग्रजी. देवनागरी मी फार उशिरा शिकले. पुढे महाराष्ट्रात काही वर्षं नोकरी केली, तेव्हा तिथल्या एका मैत्रिणीने बसून शिकवली. त्यामुळे माझं मराठी कुणाला मध्येच जुनं वाटेल, कुणाला तमिळच्या चालीचं. ते तसंच आहे. मॅडमशी सगळं बोलणं तमिळमध्येच व्हायचं. इथे ते मराठीत सांगते आहे.

घरी विषय सांगितला तेव्हा अप्पा जेवत होते. ते ओरत्तनाडूला तालुका कचेरीत होते, रोज बसने जाऊन येऊन दमलेले असायचे. ते हसले. "बदकांस मेंदू असतो म्हण की!"

आई हसली नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. गाई-म्हशींची डॉक्टर झालेली मुलगी तिने कशीबशी मनाशी बसवली होती. आता बदकाचं डोकं म्हणजे फारच झालं.

"काय गे, दुसरं कांही मिळालं नाही तुज?" ती म्हणाली. "हात लावतेस त्यांस?"

"हात लावल्यावाचून कसं बघणार?"

त्या दिवसापासून कॉलेजातून आले की आधी मागच्या जिन्याने न्हाणीघरात, आंघोळ, मग घरात, असा नियम झाला. फॉर्मलीनचा वास साबणाने जात नाही. आई भाताचं ताट पुढे सरकवायची आणि पदर नाकाला लावून दोन हात लांब बसायची. पण बसायची. मी जेवून उठेपर्यंत हलायची नाही.

पोंगल होऊन गेला, सांब्याचं, म्हणजे थंडीत पिकणारं, भात कापून झालं आणि मॅडम मला पापनाशमला घेऊन गेल्या. ते त्यांचं गाव. आमच्या भागात कापणी झाली की बदकांचे कळप येतात. माणसं शेकडो बदकं घेऊन शेतामागून शेत हिंडतात; खाली सांडलेलं भात, गोगलगाई, किडे खाऊन पक्षी पोसले जातात आणि शेताला खत मिळतं. मी हे लहानपणापासून बसच्या खिडकीतून पाहिलेलं होतं, खाली उतरून कधी नाही.

मॅडमनी साडी घोट्याच्या वर खोचली, चपला हातात घेतल्या आणि चिखलाच्या बांधावरून तरातरा निघाल्या. मी मागे. कळप एका नवरा-बायकोचा होता. नवरा पलीकडच्या बांधावर काठी घेऊन उभा होता, बायको आमच्याशी बोलायला आली. बाजारात कापून विकायच्या बदकांची डोकी, पक्ष्याचं वजन टिपून, आम्हाला द्यायची, एवढंच आमचं मागणं होतं. अभ्यासासाठी म्हणून वेगळा एकही पक्षी मारायचा नाही, हे मॅडमनी आधीच ठरवलं होतं. बाईला गंमत वाटली.

"डोकं? डोक्यात काय आहे त्यांच्या?"

"तेच बघायचंय," मॅडम म्हणाल्या. "तूच सांग, हुशार कोण? नर की मादी?"

बाईने कळपाकडे पाहिलं. माद्या भर दुपारी नुसत्या कल्ला करत होत्या. बदकांत मोठ्याने ओरडते ती मादी. नराचा आवाज बसलेला, घसा धरल्यासारखा, जवळ गेल्याशिवाय ऐकूच येत नाही.

"ही ओरडते म्हणून हिला वेडी म्हणतात," ती म्हणाली. "तो गप्प असतो, म्हणून तो शहाणा. माझ्या घरातही तेच."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना बांधावर बसावं लागलं. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये ज्यांना दात दाखवताना कुणी पाहिलं नव्हतं, त्या मॅडम पाय चिखलात सोडून, डोळे पुसत हसत होत्या. मग बाईही शेजारी बसली, आणि बराच वेळ दोघी पावसाबद्दल, कालव्याच्या पाण्याबद्दल, बाईच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलत राहिल्या. मी उभीच होते. पाय रुतू नयेत म्हणून एकाच जागी पाय बदलत.

डोकी येऊ लागली. आमचा प्रयोगशाळेतला मदतनीस ती सोलून फॉर्मलीनमध्ये ठेवायचा. सोलायचं कारण असं की नराच्या डोक्यावरची पिसं गडद असतात, चटकन ओळखू येतात, आणि मला ते ओळखू यायला नको होतं. बरणीवर फक्त आकडा. कोणता आकडा नराचा, कोणता मादीचा, अख्ख्या पक्ष्याचं वजन किती, ते मॅडमना ठाऊक. मला सगळं मोजून होईपर्यंत सांगायचं नाही.

"तुझा माझ्यावर विश्वास नाही असं नव्हे," त्या म्हणाल्या. "माझा डोळ्यांवर विश्वास नाही. कुणाच्याच. डोळ्याला जे हवं असतं ते तो आधी बघतो आणि मोजपट्टी मागाहून लावतो."

आणि मग माझी फजिती सुरू झाली. पक्ष्याची कवटी पातळ असते, पण ती मेंदूला घट्ट बसलेली असते, कुडीला बसलेल्या कातड्यासारखी. मागून, मानेच्या भोकापासून, बारीक कातरीने हाड कुरतडत पुढे यायचं. बाजूला डोळ्यांच्या मोठमोठ्या खोबण्या. मेंदूच्या पोटाकडून नसा निघतात, त्या एकेक कापायच्या. आणि अगदी टोकाला वास घेणारे दोन गड्डे असतात, मोहरीहून थोडे मोठे. सगळं नीट होतं, मेंदू उचलला जातो, आणि ते दोन गड्डे मागे हाडातच राहतात. पहिला मेंदू असाच गेला. दुसरा मधोमध चिरला. तिसऱ्याचा लहान मेंदू चिमट्याने दाबला गेला. चौथ्याला परत गड्डे मागे.

मॅडम शेजारी स्टुलावर बसायच्या, हात मांडीवर, एकात एक घातलेले. चुकलं की सांगायच्या, पण माझ्या हातातलं हत्यार कधी घ्यायच्या नाहीत. एकदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "मॅडम, एकदा तुम्ही करून दाखवा ना."

"नाही."

"फक्त शेवटचं, गड्ड्यांचं."

"मी केलं तर तो माझा मेंदू होईल, तुझा नाही. पुन्हा बघ. तू पुढे ओढते आहेस. ओढू नकोस. डोकं उलटं कर, त्याचं वजन त्यालाच खाली येऊ दे. तू फक्त वाट मोकळी कर."

मला त्या कठोर वाटल्या. तरी मी डोकं उलटं केलं, आणि त्या बोलत राहिल्या, हळू, एका लयीत, जशी वाचनालयातली बाई लहान मुलाला ओळ वाचून दाखवते. आता डावीकडे. थांब. श्वास सोड. श्वास सोडतानाच काप, घेताना नाही. आता हाड उचल, वर नाही, बाहेर. आणि तो मेंदू माझ्या तळहातावर अलगद आला. अख्खा. पुढे दोन्ही गड्डे, मोत्याच्या कानातल्यासारखे.

मी आयुष्यात पुष्कळ सुंदर वस्तू पाहिल्या असतील. आमच्या गावाला त्यांची काय उणीव! पण त्या दुपारी हातात होतं तसं काही पाहिलं नव्हतं. अक्रोडाच्या गराएवढा, पण सुरकुत्या नसलेला, हस्तिदंती रंगाचा, वरून पाहिला तर पिंपळपानासारखा. मागे लहान मेंदूवर बारीक आडव्या रेघा, कंगव्याने ओढल्यासारख्या. दोन्ही बाजूंना, खालच्या अंगाला, दृष्टीचे दोन टपोरे गोळे. एवढ्याशा जागेत कालव्याची वाट होती, कळपातल्या शेकडो आवाजांतून आपल्या पिलाचा आवाज ओळखणं होतं, वरून जाणाऱ्या घारीची सावली ओळखणं होतं. मॅडम वाकून पाहत होत्या. त्या मेंदूला म्हणाल्या, मला नाही, "वा रे राजा." मग थांबून, "किंवा राणी. आपल्याला काय ठाऊक."

त्यानंतर मी एकही मेंदू फाडला नाही असं म्हणणार नाही. पण वाट सापडली होती.

नवरात्र आलं. आमच्याकडे कोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या, संध्याकाळी गल्लीतल्या बायका येतात, गाणी होतात, सुंडल, म्हणजे फोडणीची उसळ, वाटतात. आईने मला सांगितलं, "तुझ्या मॅडमांस बोलाव. इतके दिवस पोरीस शिकवतात, एकदा हळदीकुंकवास नको बोलवायास?" मी बोलावलं आणि त्या खरंच आल्या, नारिंगी रंगाची साडी नेसून, केसांत मोगरा माळून. बाहुल्या एकेक निरखून पाहिल्या. खालच्या पायरीवर मातीचं बदक होतं. ते बघून म्हणाल्या, "याची चोच चुकली आहे." आईला ते आवडलं.

आईने कॉफी आणली, नेहमीसारखी, पितळी टंबलर डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ठेवलेला, काठोकाठ फेस. मॅडमनी हात पुढे केला आणि पितळेवर पितळ वाजू लागलं. बारीक, थांबत नाही असं. कॉफी डबऱ्यात सांडली. मॅडमनी दुसरा हात लावला, तरी वाजतच होतं. मी बायकांना सुंडल देत होते, माझ्या कानावर ते आलंही नाही. हे सगळं मला आईने मागाहून सांगितलं. आईने काय केलं? "फार गरम झाली की," असं म्हणून टंबलर उचलला, आत गेली, आणि अप्पांच्या जाडजूड स्टीलच्या पेल्यात अर्धीच कॉफी घालून घेऊन आली. ती मॅडमच्या हातात न देता शेजारी स्टुलावर ठेवली आणि मॅडमकडे पाठ करून बाहुल्या नीट करत बसली, त्यांची पिऊन होईपर्यंत.

रात्रीची भांडी घासताना ती मला म्हणाली, "तुझ्या मॅडमांचा हात कांपतो. ठाऊक नाही तुज?"

मला ठाऊक नव्हतं. रोज शेजारी बसणाऱ्या बाईचे हात मी पाहिलेच नव्हते. त्या ते मांडीवर, एकात एक घालून, धरून ठेवायच्या, आणि मला ती बसायची ढब वाटायची.

दुसऱ्या दिवशी मी काही विचारलं नाही. त्यांनीच दार लोटून घेतलं आणि बोलल्या.

"तुझ्या आईने काल पाहिलं."

मी मान हलवली.

"फार चांगल्या आहेत त्या. मला लाज वाटू दिली नाही." मग त्यांनी हात टेबलावर ठेवले, उघडे. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, जणू गोळी वळताहेत. "वर्ष झालं. आधी वाटलं, थकवा. डॉक्टर म्हणाले, औषधाने सावरेल, पण जाणार नाही. इथे कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर मला नुसते वर्ग ठेवतील, विच्छेदनाचं टेबल काढून घेतील. फळा आणि खडू देतील. मला टेबल हवंय."

"म्हणून तुम्ही मला एकदाही करून दाखवलं नाहीत."

"मेंदूचा अभ्यास करणाऱ्याला स्वतःचाच मेंदू असं करतो," त्या म्हणाल्या, आणि त्यात तक्रार नव्हती, कुतूहल होतं, जसं एखाद्या अवघड नमुन्याबद्दल असतं. "हात सुटला, पण हाताला जे येत होतं ते डोक्यात शिल्लक आहे ना. ते शब्दांत आणायचं. मी तुला शिकवताना तेच शिकले. आधी मी नुसती करायची, सांगता येत नव्हतं मला."

मी उठून पाणी आणलं. त्यांनी अर्धा पेला प्यायला. मी अर्धाच भरून आणला होता.

आईने मात्र त्यापुढे स्वतःचं काम सुरू केलं. माझ्याबरोबर तूक्कु, म्हणजे कडीचा डबा, दोन जणींचा जाऊ लागला. त्यात सांबार-भात कधी नाही, कालवायचं काही नाही. तांदळाचे वाफवलेले उंडे, फोडणी दिलेले, हाताने उचलून तोंडात टाकता येतील असे. कधी छोट्या इडल्या, पोडी, म्हणजे डाळींची तिखट पूड, लावलेल्या. "भात सांडतो," ती म्हणायची, "आणि सांडला की माणूस जेवत नाही." जी बाई माझ्या कपड्यांना शिवत नव्हती, ती आता सकाळी विचारायची, "आज किती डोकी आहेत? मग जास्त देतें, उशीर होईल तुम्हांस." पहिल्या दिवशी मॅडमनी डबा उघडून आत वाकून पाहिलं. मग एक उंडा उचलला. "तुझ्या आईला पशुवैद्यक करायला हवं होतं," म्हणाल्या. "निदान अचूक होतं. निदान करून गप्प बसता येणं तर त्याहून अवघड."

सगळं मोजून झालं तेव्हा मॅडमनी मला समोर बसवलं आणि एकेक आकडा घेऊन सांगायला लागल्या, हा नर, ही मादी, ही मादी, हा नर. मी मनातल्या मनात कधीच ठरवून टाकलं होतं कोण कोण ते. सर्वांत भरदार मेंदू, ज्यावर माझा जीव जडला होता, तो मी नराचा धरून चालले होते. ती मादी निघाली. आणि एक चिमुकला, ज्याला मी मायेने मादी म्हणायची, तो चांगला वाढलेला नर होता. मॅडमनी फक्त चष्म्यावरून पाहिलं. मला पहिल्या दिवसांतलं त्यांचं डोळ्यांबद्दलचं बोलणं तेव्हा कळलं.

निकाल साधा होता. नरांचे मेंदू सरासरीने थोडे जड, थोडे लांब. पण नर अंगानेच मोठे. शरीराच्या वजनाशी ताडून पाहिलं की फरक विरघळून जायचा. मोठा मेंदू, लहान मेंदू, दृष्टीचे गोळे, वासाचे गड्डे, कशातच बोट ठेवावं असं काही नाही.

मी खट्टू झाले. विभागप्रमुख माझ्याहून खट्टू झाले. माणूस वाईट नव्हता. आपल्या विभागाचं नाव व्हावं एवढीच त्यांची इच्छा.

"मॅडम, इतके दिवस घालवून 'फरक नाही' असं लिहायचं?" ते म्हणाले. "नराचा मेंदू वजनात जास्त भरलाच आहे ना? खोटं तर नाही ते. तेच शीर्षकात आणा. पेपरवालेसुद्धा छापतील."

"सर, नराचं हृदयही वजनात जास्त भरतं," मॅडम म्हणाल्या. "तो जास्त मायाळू असतो असं लिहू?"

ते हसले, पण हटले नाहीत. "परीक्षक विचारतील, निष्कर्ष काय?"

"हाच. शोधलं, नीट शोधलं, आणि बाहेरून मोजता येईल असा फरक सापडला नाही. आत पेशींमध्ये असेल, तो आमच्या मोजपट्टीला दिसत नाही, हेही लिहू. दिसलं तेवढंच लिहायचं. जास्त नाही, कमीही नाही." त्यांचे हात पदराखाली होते. आवाज जराही हलत नव्हता. "नाहीतर उद्या कुणीतरी हिचा प्रबंध काढून एखाद्या पोरीला सांगेल, बघ, पक्ष्यांतसुद्धा तसंच असतं."

विभागप्रमुखांनी कागद परत ढकलला. "तुमच्या मनासारखं करा," म्हणाले. तसंच झालं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. केस पांढरे, बोलणं गोड. मॅडमना त्यांनी पूर्वी कुठल्याशा परिषदेत काम करताना पाहिलं होतं, आणि ते त्यांच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. माझे प्रश्न संपले, निष्कर्षावर त्यांनी मान डोलावली, आणि मग हात जोडून मॅडमना म्हणाले, "आता एक विनंती. मी तुमचा हात पाहिला आहे. या मुलांनाही पाहू द्या. एक डोकं आहे ना तयार? तुम्ही मेंदू काढून दाखवा."

विभागप्रमुखांनी लगेच मदतनिसाला हाक मारली. हॉलमध्ये विद्यार्थी भरलेले होते. मागची पोरं बाकांवर चढली. मी मॅडमकडे पाहिलं. एखादी सबब सांगतील असं वाटलं. डोळे दुखताहेत, बसची वेळ झाली, काहीही. मीच काही तरी बोलायला तोंड उघडलं.

त्या उठून टेबलाशी गेल्या. चिमटा उचलला. आणि सगळ्यांनी पाहिलं. चिमट्याची दोन टोकं दिव्याखाली थरथरत होती, ट्रेच्या काठावर टिकटिक वाजत होती. परीक्षकांचा चेहरा पडला. आपण काय मागितलं ते त्यांना कळलं.

मॅडमनी चिमटा खाली ठेवला, नीट, हत्यारांच्या ओळीत, जिथला तिथे.

"मला कंपवात आहे," त्या म्हणाल्या, पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गात एखाद्या स्नायूचं नाव सांगावं तशा. "हे काम आता माझ्या हातून होत नाही. ही करेल. मी बोलेन. तुम्ही आम्हा दोघींना पाहा."

मी हातमोजे घातले. त्या माझ्यामागे उभ्या राहिल्या.

"मागून सुरू कर. घाई नाही. बघा मुलांनो, ती हाड वर उचलत नाही, बाहेर उचलते. का? कोण सांगेल?"

पुढे बसलेल्या एका मुलीने उत्तर दिलं. मॅडम "बरोबर" म्हणाल्या. एकेक नस आली तसं तिचं नाव, ती कुठून निघते, कुठे जाते, बदकाला तिचा उपयोग काय, सगळं त्या सांगत गेल्या. मधेच त्यांनी पापनाशमच्या बाईचं म्हणणंही सांगितलं, ओरडणारी वेडी आणि गप्प राहणारा शहाणा, आणि सगळा हॉल हसला, आणि त्या हसण्यात माझे हात सैल झाले. "आता उलटं कर," त्या हळूच म्हणाल्या, फक्त माझ्यापुरतं. "श्वास सोड."

मेंदू खाली आला. अख्खा. परीक्षक पुढे झाले, चष्मा वर करून वाकले, पुढचे दोन गड्डे बोटाने दाखवले. मग सरळ होऊन मॅडमना नमस्कार केला, वाकून, शाळेतल्या मुलासारखा.

टेबल त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं नाही. विभागप्रमुखांनीच वर लिहून दोन मदतनीस मिळवले, आणि निवृत्त होईपर्यंत मॅडम दुसऱ्यांच्या हातांनी शिकवत राहिल्या. त्या वर्षांतली मुलं सांगतात, आम्हाला हाडाची प्रत्येक कड अजून कानात ऐकू येते.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आई जिन्यात उभी होती. "काय झालं? आंघोळ नंतर, आधी सांग," म्हणाली. मी तिथेच पायरीवर बसून सगळं सांगितलं. फरक काही सापडला नाही, हे तिला आधीच ठाऊक होतं, पण तिने पुन्हा विचारलं, "म्हणजे दोन्ही सारखींच?"

"अंगाच्या मानाने सारखींच."

"मग त्यास इतकी वर्षं कशाला लागली!" अप्पा आतून म्हणाले.

"सारखं आहे म्हणायास तर जास्तच लागतात," आई म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरची बॅग घेतली. तीच, कॉलेजची, वासाची.

मी आता दुसऱ्या गावी शिकवते. मॅडम पापनाशमला असतात. बोलणं जरा संथ झालंय, चालताना कुणाचा तरी हात लागतो. परवा रविवारी मी गेले होते. भाचीने आम्हाला पडवीत खुर्च्या घालून दिल्या. मी म्हटलं, तब्येत कशी आहे. त्यांनी तो प्रश्न माशी हाकलावी तसा हाकलला.

"आपलं एक राहून गेलं," त्या म्हणाल्या. "नर-मादी बघितलं. डावी-उजवी बाजू ताडून पाहिलीच नाही आपण. बदक एका डोळ्याने दाणा बघतं आणि दुसऱ्याने घार बघतं असं मला वाटतं. मी इथे बसून रोज बघते आहे. तुझ्याकडे एखादी मुलगी आहे का, हात बरे असलेली?"

"आहे एक."

"मग तिला घेऊन ये पुढच्या कापणीला," त्या म्हणाल्या, आणि लगेच, भाची कॉफी आणायच्या आत, मोजमाप कुठून कुठपर्यंत घ्यायचं ते सांगायला लागल्या.